साप माणसाळतो का?

भातकापणीच्या दिवसांत मुरबाड, सरळगाव, टोकावडे किंवा शहापूर, किन्हवली, डोळखांब या बाजूला गेलं, तर जुन्या माणसांच्या तोंडी ‘साप चावला’ असे शब्द सहसा येत नाहीत. ‘पान लागलं’ म्हणतात. दिवेलागणीनंतर साप हा शब्दसुद्धा उच्चारायचा नसतो. ‘जनावर’ म्हणायचं, ‘लांबडं’ म्हणायचं. ठाणे जिल्ह्यापासून खाली थेट कोकणाच्या टोकापर्यंत ही रीत आहे. दिसलाच तर ‘आस्तिक’ म्हणायचं, म्हणजे जनमेजयाचं सर्पसत्र ज्याने थांबवलं त्या ऋषीची आठवण सापाला करून द्यायची. नाव घेतलं की येईल, अशी ही धास्ती आहे.

या धास्तीच्या पोटातच एक उलटी समजूतही नांदते. काही माणसांचा ‘हातच’ असा असतो की त्यांना साप चावत नाही. कधी तो भगताचा हात असतो, कधी गारुड्याचा, कधी पाड्यावरच्या एखाद्या कातकरी म्हाताऱ्याचा आणि हल्ली सर्पमित्राचा. त्यांच्या हातात गेला की फणा काढलेला नाग मऊ पडतो, असं लोक डोळ्यांदेखत पाहिलेलं सांगतात. पाहिलेलं खोटं नसतं. साप खरोखरच शांत झालेला असतो. तो का शांत झाला, हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला आणि त्याची उत्तरं वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या हातांनी दिली. त्या हातांचा इतिहास सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्या इतिहासात माणसंही मेली आहेत आणि साप तर मोजदादीपलीकडे.

आधी गारुडी. हा शब्द गरुडावरून आला. गरुड सापांचा वैरी, म्हणून विष उतरवण्याची विद्या ती गारुडविद्या. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात दुसऱ्या अंकात राक्षसाचा हेर विराधगुप्त गारुड्याच्या वेषात त्याच्याकडे येतो. त्या सोंगात त्याने घेतलेलं नाव आहे जीर्णविष. नाटककाराला धंद्यातलं मर्म ठाऊक होतं असं मला ते नाव वाचताना नेहमी वाटतं, कारण गारुड्याच्या टोपलीतल्या नागाचं विष खरोखर जीर्णच केलेलं असे. एकनाथांच्या भारुडांतही गारुडी येतो. तेव्हा तो मराठी माणसाच्या दारात किती जुना आहे, याची कल्पना यावी.

गारुड्याची रीत थोडक्यात अशी. नवा धरलेला नाग आक्रमक असतो, कारण तो घाबरलेला असतो. त्याच्यापुढे कापड किंवा भोपळ्याची पुंगी हलवायची. तो फूत्कारत झेप घेतो, त्याचं नाक टणक भोपळ्यावर आपटतं. असं पुन्हा पुन्हा झालं की झेपा कमी होतात. शेवटी तो नुसता फणा काढून पुंगीच्या हालचालीबरोबर डोलत राहतो. बघ्यांना वाटतं, सुरावर डोलतो आहे. सापाला बाहेरचा कान नाही. जमिनीची थरथर त्याला जबड्याच्या हाडांतून आतल्या कानापर्यंत पोचते आणि हवेतले खालच्या पट्टीतले आवाज त्याला काही प्रमाणात कळतात, असं अलीकडचे प्रयोग सांगतात. पण डोलणं सुरांचं नव्हे. समोर हलणाऱ्या धोक्यावरून त्याची नजर हटत नाही, म्हणून तो डोलतो.

याशिवाय दात. विषदंत उपटले तरी मागे राखीव दात असतात, ते पुढे येतात, म्हणून पुन्हा पुन्हा उपटावे लागतात. काही जण विषाची नळीच डागत. नागपंचमीच्या आधी तोंड शिवून टाकण्याची रीत तर प्राणिमित्र संघटनांनी वारंवार उघडकीला आणली आहे. कित्येक दिवस उपाशी-तहानलेल्या नागापुढे वाटी धरली की तो दूधसुद्धा पितो. बायाबापड्या हात जोडतात. ते दूध त्याच्या पोटाला सोसत नाही, बरंचसं फुप्फुसात जातं. सणानंतर पंधरवड्यात त्या टोपल्या रिकाम्या होत.

आणखी एक साधी गोष्ट गारुड्याला ठाऊक होती. टोपलीचं झाकण लावलं की आत अंधार होतो आणि अंधारात साप निवतो. साप थंड रक्ताचा, म्हणजे अंगाची ऊब बाहेरून मिळवणारा प्राणी. पहाटेच्या गारठ्यात त्याची चपळाई निम्म्याहून कमी होते. गारुड्याची फेरी सकाळच्या उन्हाआधी का सुरू होई, याचं एक कारण यात असावं, असा माझा तर्क आहे. म्हणजे बघा : थकवा, जखम, भूक, अंधार, थंडी. लोकांना दिसणारी शांतता या पाच गोष्टींची बनलेली होती. प्रेमाचा किंवा ओळखीचा त्यात कुठेच संबंध नव्हता.

तरी गारुड्याला नुसतं क्रूर म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्याच्या व्याख्येत ‘शिकार’ या शब्दात पकडणंही आलं. १९७६ मध्ये सापाच्या कातड्यांची निर्यात बंद झाली. दोन्ही गोष्टी आवश्यकच होत्या. पण सापावर जगणाऱ्या भटक्या कुटुंबांच्या हाती त्या बदल्यात काही आलं नाही. तमिळनाडूत १९७८ साली रोम्युलस व्हिटेकर आणि इरुला लोकांनी साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था काढली. परवान्याने साप धरायचे, काही आठवडे ठेवून विष काढायचं आणि परत जंगलात सोडायचे. देशातल्या प्रतिविषाच्या औषधासाठी लागणारं बरंचसं विष पुढे तिथूनच येऊ लागलं. जुनं कसब नव्या कामाला जुंपण्याचा असा प्रयत्न आपल्याकडच्या गारुड्यांसाठी किंवा कातकऱ्यांसाठी झाला नाही. ही हुकलेली संधी पुढच्या कथेत पुन्हा डोकावते.

सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची गोष्ट वेगळी. गोरक्षनाथांशी जोडलेली तिथली परंपरा सर्वांना माहीत आहे. नागपंचमीच्या आधी काही दिवस गावातली मंडळं रानातून नाग आणत, मडक्यात ठेवत, सणाला मिरवत आणि नंतर जिथून आणला तिथेच सोडत. इथे दात काढत नसत, हा शिराळकरांचा अभिमान. शेपूट धरून, काठीने फण्याखालचा भाग अलगद उचलून, अंगाचा भार सापडेल अशा बेताने नाग हाताळायची त्यांची रीत बघण्यासारखी होती, हे विरोधकही मान्य करत. मात्र हलगीच्या कडकडाटात, हजारोंच्या गर्दीत, उन्हात तासन्‌तास नाचवलेल्या जिवाला कोणता त्रास होतो, हे दात शाबूत असण्यावरून ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांची मिरवणूक बंद झाली आणि गावकऱ्यांचं दुःख राजकारणात पोचलं. २०२५ च्या नागपंचमीला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मोजके नाग पकडायला परवानगी दिली, तीही पारंपरिक ज्ञान शिकवण्यापुरती. वाद अजून मिटलेला नाही. पण शिराळ्याने एक गोष्ट दाखवली : दात असलेला, धडधाकट नाग काही दिवसांच्या हाताळणीनंतर कमी बिथरतो. कारण शोधायला मात्र कोणी तिथे वही घेऊन बसलं नाही.

वही घेऊन बसणारे होते ते मुंबईत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली आणि १८८६ पासून तिचं जर्नल निघू लागलं. त्यात १८९० साली विडाल नावाच्या सनदी अधिकाऱ्याचा एक लेख आहे. विषय उत्तर कानड्यातले विषारी साप. पण त्याच्या शीर्षकातच सर्पदंशाच्या मृत्यूंची सरकारी आकडेवारी किती अपुरी आहे, याची तक्रार आहे. त्या काळात रत्नागिरीकडे फुरशांच्या डोक्याला सरकार इनाम देई आणि लाखांनी फुरसी मारली गेली. फुरसं हा टीचभर साप, पण अंगाची वळणं एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतो आणि धरला तर शेवटपर्यंत चिडलेलाच राहतो. त्याला शांत करण्याचा विचार कोणाच्या मनात आला नाही, यात नवल नाही.

पुढे फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरने त्याच जर्नलमध्ये भारतीय सापांवर दीर्घ लेखमाला लिहिली. सापाची खवले-मोजणी, खाणं, पिलं यांबरोबर तो ‘स्वभाव’ या मथळ्याखालीही टिपणं करी. हे मला महत्त्वाचं वाटतं. सगळे साप सारखेच दुष्ट, हा समज बाजूला ठेवून कोणती जात किती चटकन चावते, कोणती नुसती भिववते, कोणती पळते, हे कोणीतरी शांतपणे लिहून ठेवत होतं. आपल्या पाणथळ शेतात दिसणारा दिवड बिनविषारी, पण धरला की कडकडून चावणारा. घोणस कुकरच्या शिटीसारखी फुसफुसत राहते आणि जागची हलत नाही. नाग उभा राहतो, तोंड मिटूनच झेप घेतल्याचं सोंग करतो, म्हणजे चावण्याआधी भरपूर सूचना देतो. मांडूळ मुळी चावतच नाही म्हटलं तरी चालेल.

परळच्या हाफकिन संस्थेने हाच विषय कामाचा केला. १८९९ मध्ये जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग प्रयोगशाळा म्हणून ती आली आणि १९२५ पासून हाफकिनचं नाव तिला आहे. सर्पविषाच्या प्रतिविषाची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रत्यक्षात आणली. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तातून औषध काढायचं. त्यासाठी आधी विष हवं, म्हणजे जिवंत साप वारंवार धरायला हवा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चौघं रोजच्या कामाचे झाले. इथे हाताळणीचा अर्थच बदलला. साप जितका कमी बिथरेल तितका तो जास्त दिवस जगतो, खातो आणि विष देतो. बिथरलेला साप अन्न सोडतो आणि मरतो. हाफकिनमध्ये सापांवर आयुष्य घालवलेल्या डॉ. पी. जे. देवरस यांचं भारतीय सापांवरचं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ मध्ये काढलं आणि सर्वसामान्य वाचकाला पहिल्यांदा कळलं की साप हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो. गारुड्याच्या घरात सापाला मारून शांत करत, प्रयोगशाळेत शांत ठेवून जगवत. फरक एवढाच होता, पण त्याने सगळं पालटलं.

आता मी माथेरानकडे वळतो. मुरबाडच्या दक्षिणेला, कर्जत-नेरळच्या डोंगरावर. तिथल्या एका हॉलिडे होममध्ये नीलिमकुमार खैरे नावाचा तरुण नोकरी करत होता. दिसेल तो साप मारला जाताना पाहून तो अस्वस्थ झाला, साप पकडून रानात सोडू लागला आणि हळूहळू सापांच्या स्वभावाबद्दल त्याची खात्री पटली : डिवचल्याशिवाय साप चावत नाही. हे वाक्य तोवर पुस्तकांतून हजारदा छापून झालं होतं. लोकांचा त्यावर विश्वास नव्हता. खैरे यांनी ते अंगावर घेऊन दाखवायचं ठरवलं.

जानेवारी १९८०. पुण्यात बी. जे. मेडिकल कॉलेजच्या आवारात काचेची एक खोली उभारली. त्यात ७२ विषारी साप : नाग, घोणशी, मण्यार. आणि मधोमध अठ्ठावीस वर्षांचे खैरे, ७२ तास. याआधी दक्षिण आफ्रिकेत एकाने असा ५० तासांचा विक्रम केला होता. वैद्यकीय महाविद्यालयाची जागा निवडण्यामागचा हेतू उघड आहे. तीन दिवस पुणेकरांनी रांगा लावून ते पाहिलं. साप त्यांच्या अंगावर चढत. ते कधी नुसते थांबत, कधी हलक्या हाताने सापाला बाजूला सरकवत. तीन दिवसांत एकही दंश झाला नाही.

हा प्रसंग मराठी माणसाने बहुतेक धाडस म्हणून लक्षात ठेवला. मला तो प्रयोग वाटतो आणि त्यातलं खरं शिक्षण खैरे काय करत होते यापेक्षा काय करत नव्हते यात आहे. झटका नाही, घट्ट पकड नाही, डोक्यावरून येणारी सावली नाही. साप आपल्या मानाने प्रचंड अशा उबदार, जवळजवळ न हलणाऱ्या वस्तूवर चढत होता. त्याच्या लेखी ती वस्तू झाडाचं खोड असती तरी चाललं असतं. सापाला ते ‘आवडत’ होते का, हा प्रश्न गैरलागू आहे. ते त्याला धोका वाटत नव्हते.

अर्थात या प्रयोगाला मर्यादा होत्या. काही वर्षांनी दक्षिण आफ्रिकेतच दुसऱ्या एकाने १०७ दिवस सापांसोबत राहण्याचा विक्रम केला आणि शेवटच्या टप्प्यात त्याला नाग चावला. दिवस वाढले की एखादा चुकीचा क्षण येतोच. खैरे यांनी मिळालेल्या प्रसिद्धीचा उपयोग मात्र नीट केला. १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं, इंडियन हर्पेटॉलॉजिकल सोसायटीचं काम वाढलं, १९९६ साली महाराष्ट्र, गोवा, कर्नाटकातल्या सापांवरचं त्यांचं पुस्तक आलं. शाळांच्या सहली कात्रजला जाऊ लागल्या. एका अख्ख्या पिढीने धामण आणि नाग यांतला फरक तिथे पाहिला.

जे खैरे यांनी अंगावर घेतलं ते परदेशातल्या प्राणिवर्तनशास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं. अमेरिकेत टेनेसी विद्यापीठात हर्झोग आणि बर्गहार्ट यांनी १९८९ मध्ये गवत्या सापांच्या नवजात पिलांवर प्रयोग प्रसिद्ध केले. पिलाला धोक्याची तीच तीच चाहूल पुन्हा पुन्हा दिली आणि त्यातून काहीच वाईट घडलं नाही, तर त्याचे झडप घालण्याचे प्रकार कमी होत जातात. पण किती कमी होतात आणि किती लवकर, हे जातीजातीत वेगळं, एकाच मादीच्या दोन पिलांतही वेगळं. २००२ मध्ये गिबन्स आणि डोर्कस यांनी अमेरिकेतल्या विषारी पाणसापांच्या शेजारी पाय ठेवला, हलकेच पाय दिला, शेवटी कृत्रिम हाताने त्यांना उचललं. उचलल्यावरसुद्धा चावणारे साप निम्म्याहून कमी निघाले. खैरे यांचं म्हणणं असं दूरवरून खरं ठरलं.

या सगळ्याला शास्त्रात ‘सरावणं’ म्हणतात आणि माणसाळणं वेगळं. कुत्रा पंधरा हजार वर्षं माणसाबरोबर राहून पिढ्यान्‌पिढ्या बदलला, ते माणसाळणं. साप एकेकटा सरावतो. त्याचा सराव त्याच्याबरोबर मरतो, पिलांना मिळत नाही. शिवाय कात टाकण्याआधी डोळे निळसर होतात तेव्हा, भक्ष्य गिळल्यानंतरचे दोन दिवस, अंडी असलेल्या मादीत, हा सराव हवेसारखा विरून जातो. काल शांत असलेला साप आज चावतो तो याच कारणाने. लोक त्याला विश्वासघात म्हणतात.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सर्पमित्र हा नवा माणूस गावोगाव दिसू लागला. ठाणे, कल्याण, बदलापूर इथून त्याची लाट मुरबाड-शहापूरकडे आली. नवी घरं, पोल्ट्री, फार्महाउसं, मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा-भातसा धरणांभोवतीची वस्ती, आसनगावपासून खर्डीपर्यंत महामार्गाच्या कडेने उठलेली गोदामं. उंदीर वाढले, त्यामागे साप आले, आणि पूर्वी काठी घेऊन धावणारे लोक आता फोन करू लागले. या एका सवयीने किती साप वाचले असतील, त्याची गणती नाही. ही पोरं बहुतेक स्वखर्चाने, रात्री-अपरात्री, मोटरसायकलवरून जातात. त्यांच्याबद्दल लिहिताना आदर सोडू नये.

त्यांच्यातल्या जाणत्यांची रीत पाहण्यासारखी आहे. आधी माणसं मागे हटवायची. मग पिशवीच्या तोंडाला एक पीव्हीसी पाइप बसवायचा आणि तो सापापुढे भिंतीलगत ठेवायचा. हुकाने नागाला नुसती दिशा द्यायची. समोर अंधारं बीळ दिसलं की नाग स्वतःहून आत शिरतो. पिशवीत अंधार. पाचेक मिनिटांत सगळं संपतं आणि हात सापाला लागतही नाही. गारुड्याच्या टोपलीतलं अंधाराचं गुपित इथे आहे, पण छळाशिवाय. बघ्यांना मात्र हे फार बेचव वाटतं.

बघ्यांना हवं असतं ते वेगळं. शेपूट धरून वर उचललेला नाग, गळ्यात धामण, नाकाशी फणा आणि मोबाइलचा कॅमेरा. हे पुरवणारेही तयार झाले. महाराष्ट्रात साप पकडणाऱ्या तरुणांचे सर्पदंशाने मृत्यू झाल्याच्या बातम्या जवळजवळ दर पावसाळ्यात येतात. त्यांतल्या कित्येक बातम्यांत दंश साप पकडताना झालेला नसतो. पकडून झाल्यावर, लोकांना दाखवताना झालेला असतो. वर सांगितलं ते इथे लागू पडतं : हातात मऊ पडलेला नाग शरण आलेला नसतो. तो थकलेला असतो किंवा सुटकेची फट शोधत असतो. ‘माझ्या हाताला साप चावत नाही’ हा जुना भगताचा दावा आता व्हिडिओत शिरला आहे. कातकरी-ठाकर म्हाताऱ्यांकडे असलेलं बारीक ज्ञान, कुठल्या बिळातून वास कसा येतो, वारुळाची कुठली बाजू ताजी, ते या व्हिडिओत कुठेच नाही. इरुलांसारखी त्यांची संस्था इथे निघाली असती, तर त्या ज्ञानाला मजुरी मिळाली असती.

शांतपणाचा सर्वांत मोठा दंड मात्र मांडूळ भोगतो. लाल मातीच्या रंगाचा, बोथट शेपटीमुळे दुतोंड्या म्हणवला जाणारा, सहा महिने या तोंडाने आणि सहा महिने त्या तोंडाने चालतो असं ज्याच्याबद्दल सांगतात तो. प्रत्यक्षात शेपूट ही फसवणूक आहे. शत्रूने तिच्यावर घाव घालावा आणि डोकं वाचावं. हा साप उंदराच्या बिळात राहतो, शेतकऱ्याचं काम करतो आणि हातात घेतला तरी गुंडाळी करून पडून राहतो. गुप्तधन, काळी जादू, असाध्य रोगांवर औषध अशा थापांवर त्याचा चोरटा बाजार उभा राहिला. अमुक वजनाच्या वर गेला की लाखांचे कोटी होतात असं सांगतात. मग वजन वाढवायला त्याच्या अंगात छर्रे किंवा पारा घातल्याच्याही गोष्टी ऐकू येतात. ठाणे जिल्ह्यात गिऱ्हाइकाच्या वेषात पोलिसांनी सापळे रचून मांडुळं जप्त केल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. पकडलेल्यांत गावाकडचा बेकार पोरगाच अधिक, खरा दलाल क्वचित. आणि तो कोट्यवधी देणारा शेवटचा खरेदीदार तर कोणीच पाहिलेला नाही. हा साप चावरा असता तर शबनम पिशवीत घालून लोकलने नेता आला नसता. जागतिक पातळीवरची नोंद आता त्याला संकटाच्या जवळ आलेली जात म्हणते.

याच काळात मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये वेगळाच साप आला. आफ्रिकेचा बॉल पायथन, अमेरिकेचा कॉर्न स्नेक. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात असे साप कितीदा तरी सापडले आहेत. आपले देशी साप पाळणं कायद्याने गुन्हाच आहे. परदेशी जातींबाबत केंद्राने २०२० मध्ये माहिती जाहीर करण्याची सवलत दिली आणि २०२४ मध्ये नोंदणीचे नियम केले. हे साप पाळणाऱ्यांना तिकडचे जाणते जे सांगतात ते गारुड्याच्या रीतीच्या बरोबर उलट आहे. आणल्यावर पहिला आठवडा हात लावू नका. खाल्ल्यानंतर दोन दिवस लावू नका. वरून हात नेऊ नका, कारण वरून येते ती घार. बाजूने या, अंगाला दोन ठिकाणी आधार द्या, मान धरू नका. सुरुवातीला पाच मिनिटं पुरे. डब्यात लपायला अंधारी जागा आणि एका टोकाला ऊब ठेवा. खैरे यांनी काचेच्या खोलीत जे केलं त्याचीच ही घरगुती आवृत्ती. साप बदलत नाही, माणसाच्या हालचाली बदलतात आणि साप त्यांना सरावतो.

ज्याला हे जमतं त्याने पाळलेल्या सापाला फार त्रास होत नसेल, हे मी मान्य करतो. पण शहापूर-मुरबाडच्या दृष्टीने हा छंद दुरून पाहण्याचाच आहे. इथे साप घरात आणावा लागत नाही.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० आणि त्यांतली निम्मी जून ते सप्टेंबरमध्ये. सरकारदरबारी नोंद झालेले आकडे याच्या आसपासही नव्हते. विडालची १८९० ची तक्रार एकशे तीस वर्षांनी पुन्हा छापावी लागली. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. २०२४ मध्ये केंद्राने २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला. डहाणूच्या आदिवासी पट्ट्यात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संशोधकांनी डॉक्टर, आशा कार्यकर्त्या, भगत अशा सगळ्यांना धरून काम केलं आहे. भगताला शत्रू न मानता रुग्ण लवकर दवाखान्यात पाठवणारा दुवा बनवायचं, ही त्यातली शहाणी गोष्ट.

आपल्या मातीत या बाबतीत सर्वांत फसवा साप मण्यार आहे. दिवसा तो सापडला तर वेटोळ्यात डोकं खुपसून पडून राहतो. पोरं काठीने उलटापालटा करतात, तरी चावत नाही. त्याच्याइतका गरीब साप नाही असं वाटावं. रात्री तोच मण्यार पाली, उंदीर, दुसरे साप शोधत भिंतीच्या कडेने कुडाच्या घरात शिरतो. जमिनीवर घोंगडी टाकून माणसं झोपलेली असतात. कूस बदलली, हात त्याच्यावर पडला की तो चावतो. दंश मुंगी चावल्यासारखा, सूज नाही, आग नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि घरचे म्हणतात अपचन झालं असेल. दवाखाना गाठेपर्यंत श्वास थांबायला आलेला असतो. दिवसाच्या मण्यारीवरून रात्रीच्या मण्यारीचा अंदाज बांधणाऱ्यांनी जीव गमावले आहेत.

नेपाळच्या तराईत २००७ मध्ये झालेल्या एका अभ्यासात मच्छरदाणी लावून झोपणाऱ्यांना सर्पदंश लक्षणीय कमी होतो, असं आढळलं. कडा गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी आणि जमिनीपासून हातभर उंच बाज, एवढीच ती गोष्ट. मलेरियासाठी म्हणून आरोग्य केंद्रांतून मच्छरदाण्या पाड्यांवर वाटल्या जातात. कडेच्या खुंट्यांना बांधून ती लावता येते. बाज नसली तर गोणपाटाखाली तिच्या कडा घट्ट दाबाव्या लागतात. आणि मधोमध निजलेल्या पोराचा पाय रात्री बाहेर येणार नाही, एवढी रुंद ती असावी लागते. वाटपातल्या मच्छरदाण्या बहुधा दोन माणसांच्या मापाच्या असतात, आणि पाड्यावरच्या खोपटात एका ओळीत सहा जण झोपतात.